पाण्यातले देव

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तांब्या होता आणि मी तिच्या देवांचं पाणी बदलत होतो. दोन्ही किडन्या निकामी होऊन ती नऊ दिवस दवाखान्यात होती. या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी मला पाहिलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाणी बदललं का?’ घर कसं आहे, दाजी जेवले का, शेवंतीला पाणी दिलं का, यातलं काही नाही. आणि नियम एवढे, की माझ्या बायकोनं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. झाकण काढायचं, तांब्यानं जुनं पाणी उपसायचं, तांब्यानंच नवं घालायचं. देवांना हात लावायचा नाही, त्यांच्याखालचं फडकं हलवायचं नाही. जुनं पाणी रोज लालसर निघायचं. कुंकवाचं असेल म्हणून मी ते तुळशीत ओतायचो... फोन ठेवला, राहिलेले दोन तांबे घातले, झाकण लावलं आणि मग रडलो. आधी रडलो असतो तर पाणी राहून गेलं असतं, आणि आक्कानं मेल्यावरही मला सोडलं नसतं.

घरात कोणी जिवावरच्या दुखण्यात पडलं की आपल्याकडे देव पाण्यात घालतात. म्हणजे देवालाच वेठीला धरायचं, की बाबा, आमचा जीव गुदमरतोय, तुझाही गुदमरू दे. संकट टळलं की देव काढायचे, पुसायचे, दुधानं न्हाऊ घालायचे, नैवेद्य दाखवायचा. आता संकट टळलंच नाही तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. सप्तशृंगीचा आणि खंडोबाचा चांदीचा टाक, पितळेची अन्नपूर्णा आणि एक रांगता बाळकृष्ण असे माझ्या बहिणीचे चार देव एका पितळी पातेल्यात अठरा वर्षं पाण्यात राहिले.

मालन तिचं नाव. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, म्हणून आक्का. दिली मखमलाबादकडे, फुलशेतीच्या घरात. झेंडू आणि शेवंती. हात असा की एका वाकण्यात सरीभर फुलं ओटीत यायची आणि एका कळीला धक्का नाही. तोंडानं फटकळ. बाजारात कोणी फूल दाबून बघितलं तर म्हणायची, ‘भाऊ, मुलगी बघाया आला का फुलं घ्याया?’ दाजी बाहेर गरीब गाय. गावात कोणालाही विचारा, शांत माणूस म्हणून सांगतील. घरात मात्र हात मोकळा. आक्काच्या पाठीवर कधी पट्ट्याचे वळ, कधी चुलीतल्या लाकडाचा डाग. ती माहेरी यायची, आई दोन दिवस ठेवून घ्यायची, आणि तिसऱ्या दिवशी तिला स्कूटरवरून परत सोडायला मी. निघताना आई तिच्या ओटीत नारळ घालायची. ‘देवावर हवाला ठेव,’ असं मीही म्हणायचो, वयानं लहान असून. देवावर हवाला ठेवायला आपल्या बापाचं काय जातं!

तो दिवस खंडेनवमीचा होता. मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होतो. मशीनच्या पूजेला फुलं न्यायला सकाळीच आक्काकडे गेलो. अंगणात तराजू टांगलेला, खाली वजनं ओळीनं मांडलेली आणि त्यांना हळदकुंकू लावलेलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा. नेमकी तेव्हाच व्यापाऱ्यानं चार क्रेट परत पाठवली, कारण फुलं ओली तोडलेली होती, ती आतून काळी पडली होती. आदल्या दिवशी पावसात तोडायला दाजींनीच लावलं होतं. आक्का एवढंच म्हणाली, ‘तुमीच म्हनला व्हता, तोडा.’ दाजींनी खाली वाकून दोन किलोचं वजन उचललं आणि फेकलं. आक्का सवयीनं खाली वाकली. चौदा वर्षांच्या संसाराची सवय होती ती, हात उठला की वाकायचं. तिच्या मागे तिची नऊ वर्षांची वैशू ओच्यात फुलं घेऊन उभी होती. त्या दिवशी घरोघरी नारळ फुटत होते, तसाच आवाज झाला. पोरगी ओरडलीसुद्धा नाही. फुलांच्या ढिगावर बसली आणि मग आडवी झाली. कपाळाला कुंकू लागलेलं होतं, आणि त्यात रक्त कुठलं आणि कुंकू कुठलं ते मला पहिल्या क्षणी कळलं नाही.

मी दोन हातांवर होतो. हे मी आजवर लिहिलेलं नाही, बोललेलोही नाही. दवाखान्यात हवालदारानं विचारलं, कसं लागलं. मी म्हणालो, ‘ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली. खाली दगड होता.’ रिक्षात बसल्या बसल्या दाजी माझे पाय धरत होते. दवाखान्याच्या दारात आई म्हणाली, पोरगी उद्या बरी होईल, पण बाप आत गेला तर हिचं घर बसेल. हवालदारानं आक्काकडे वळून विचारलं, ‘बाई, तुम्ही काय म्हणता?’ तिनं तोंड उघडलं. मी मध्येच म्हणालो, ‘तिला धक्का बसलाय साहेब, ती शुद्धीवर नाही.’ मामानं सांगितल्यावर कोण शंका घेणार? त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. संध्याकाळी दाजी कानात म्हणाले, ‘ते वजन विहिरीत टाक.’ मी अंगण पालथं घातलं, फुलांचे ढीग उपसले, वजन सापडलं नाही. त्या संध्याकाळी आक्का तासाभरासाठी घरी येऊन गेली होती. तिनं देव पाण्यात घातले आणि परत पोरीच्या उशाशी जाऊन बसली.

वैशू अकरा दिवस होती. अकराव्या दिवशी गेली.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. आक्काची सासू देवघरात शिरली आणि म्हणाली, झालं ते झालं, आता देव काढा, देव बुडवून ठेवणं घराला बरं नाही. आक्का शांतपणे म्हणाली, ‘का काढायचे? संकट टळलं का?’ म्हातारीनं ऐकलं नाही, पातेल्यात हात घातला. आक्कानं पितळी झाकण तिच्या बोटांवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. म्हातारीचा किंचाळण्याचा आवाज अंगणापर्यंत गेला आणि जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले. चार बायकांनी आक्काला धरलं, तशी ती माझ्याकडे वळली. ‘बाळू, माझी पोरगी ट्रॉलीवरून पडली नाय, हे जवा तुझ्या तोंडून निघंल, तवा हे देव निघतील. तवर नाय.’ पाहुण्यांनी माना हलवल्या. पोरीच्या दुःखानं डोक्यावर परिणाम झाला म्हणाले. मीही मान हलवली.

त्यानंतर दाजींनी एकदाच हात उचलला. त्या वेळी आक्का वाकली नाही. कोपऱ्यातला टिकावाचा दांडा घेतला आणि त्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडून बाहेर दिसत होतं म्हणतात. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजी डॉक्टरांना सांगत होते, ‘ट्रॉलीवरून पडलो.’ आक्का दारात उभी होती. ती हसली... मी तिला इतकं मोठ्यानं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आमच्या त्या ट्रॉलीवरून किती माणसं पडली! दाजींचं मनगट वाकडं बसलं. त्यांनी पुन्हा हात उचलला नाही, आणि तिनं त्यांच्या ताटात वाढणं सोडलं नाही. हा संसार मला कधी कळला नाही. कळला असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण देवांशी तिचं मिटलं नाही. आधी दर चैत्रात वणीला गडावर पायऱ्या चढून जायची, ते बंद. पहाटे क्रेट भरायची आणि अर्ध्या नाशिकच्या देवांना तिची फुलं जायची, पण घरातल्या पातेल्यावर तिनं एक पाकळी वाहिली नाही. फक्त पाणी. ते मात्र रोज, दार लावून घेऊन, स्वतः. ताप असला तरी, चार दिवस पाहुणे असले तरी. देवांचं पाणी लाल होतं ही बातमी आळीत पसरली. कोणी कोप म्हणालं, कोणी साक्षात्कार. दोन बायका त्याचं तीर्थ मागायला आल्या, त्यांना आक्कानं चपलेनं हाकललं.

एकदा शेवंती तोडताना मी तिला समजवायला गेलो. म्हणालो, ‘आक्का, देव कोणाला विसरत नसतो.’ तिनं फुलं तोडायची थांबवली नाही. ‘इसरत नाय? मंग त्या दिवशी काय करत व्हता? बघत व्हता?’ ती पुढच्या झाडाकडे सरकली. ‘इसरला आसंल तर मी त्याला आजबी माफ करीन. मानूस इसरतं, देव बी इसरला आसंल. पन बघत बसला आसंल ना बाळू, तर नाय. म्हनून म्हनते, तो मला इसरला. तसंच धरून चालते.’ मग ओटी क्रेटमध्ये रिकामी करून हळूच म्हणाली, ‘मी वाकाया नको व्हतं.’ देवाचं मला माहीत नाही. अंगणात उभं राहून बघत होतो, तो मी होतो.

एकदा मी चौकीपर्यंत गेलो होतो. गाडी लावली, डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. मुलीचं लग्न ठरत होतं, खोटं बोललो म्हणून माझ्यावरच केस झाली तर... कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. येताना कांदे घेऊन आलो. हे आक्काला मी कधी सांगितलं नाही. तिनंही अठरा वर्षांत पुन्हा एकदाही विचारलं नाही. शेवटी दवाखान्यात सुया टोचून दोन्ही हात काळेनिळे झाले होते, तरी माझा अंगठा धरून म्हणाली, ‘माझ्यामागं पाणी तू बदलायचं. दुसऱ्या कोनाला लावू नको.’ मी हो म्हणालो. माझ्यावर एक काम सोपवलं, एवढंच मला त्यातून कळलं. एवढा मी शहाणा.

दशक्रियेला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. नातेवाईक खूश झाले, बाईची काही इच्छा राहिली नाही म्हणाले. कावळ्याला काय माहीत! तेराव्यानंतर दाजींनी मला देवघरात नेलं. थकलेत आता, पासष्टी गाठलीय. म्हणाले, ‘बाळू, आता काढ रे देव. बाई गेली, तिच्याबरोबर तिचा हट्ट गेला.’ मला ते पटलं, हे कबूल करतो. झाकण बाजूला ठेवलं, चारही देव ओल्या फडक्यासकट उचलले. फडक्याखाली पातेल्याच्या तळाला ते वजन होतं. दोन किलोचं, सहा कडांचं. गंजून खवले सुटलेले, आणि पाण्यात तांबड्या रेषा पसरत चाललेल्या. अठरा वर्षं रोज सकाळी तिनं ते पाणी बदललं होतं. आणि देवांना त्या वजनावर बसवून ठेवलं होतं, म्हणजे पुन्हा विसरायला नको.

दाजींनी ओळखलं. म्हणाले, ‘विहिरीत टाक.’ तेच शब्द, त्याच आवाजात. वजन माझ्या हातात होतं, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि माझा हात वर गेला. किती सहज गेला, ते सांगायला हवं. दाजी खाली वाकले, आक्का वाकायची तसेच, वाकडं मनगट डोक्यावर धरून. त्यांच्या मागे कोणी नव्हतं, हे मी बघून घेतलं, तेही सांगतो. मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. मी त्यांना माफ केलं असं लिहिलं तर लेख छान दिसेल, पण तसं झालं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस मी, दोन किलो धरून हात भरून आला, म्हणून खाली आला. वजन पातेल्यात ठेवलं. वर फडकं, वर देव. पाणी घातलं, झाकण लावलं आणि पातेलं उचलून रिक्षानं माझ्या घरी घेऊन आलो. दाजी फाटकापर्यंत मागे आले. ‘बोलनार हायेस का आता? अठरा वर्सांनी कुनाचं भलं होनार हाय?’ मी म्हणालो, ‘देवांचं. लय दिवस झाले पाण्यात.’

पुरवणीत वाचकांनी आपल्या गेलेल्या माणसाविषयी लिहायचं पान आहे, त्यासाठी हे लिहितो आहे. मुलगी म्हणाली होती, बाबा, आत्याच्या फुलांविषयी छान लिहा. फुलांविषयी लिहिलं तेवढं लिहिलं. आता राहिलेलं. वैशाली, वय नऊ, माझी भाची, ट्रॉलीवरून पडली नाही. तिच्या बापानं फेकलेलं वजन तिच्या डोक्यात बसलं, ते मी पाहिलं, आणि मी खोटं लिहून देऊन खाली सही केली. याची एक प्रत काल चौकीत देऊन आलो. हेल्मेट बाहेरच काढून ठेवलं होतं. तिथल्या साहेबांनी दोनदा वाचलं, मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, सोमवारी वजन घेऊन या.

पातेलं आमच्या ओट्यावर आहे, गॅसच्या बाजूला. बायको म्हणते, देवाची जागा नाही ही, पण ती तिथून हलवतही नाही. आज सकाळी पाणी बदललं, नेहमीसारखं लाल होतं. शेजारी एक कोरडा पंचा घडी करून ठेवला आहे. सोमवारी वजन न्यायचं तर आधी वरचे देव उचलावे लागतील, आणि तुझ्या परवानगीशिवाय मी ते उचलणार नाही.

आक्का, निघालं माझ्या तोंडून. काढू?