विलासची पाच मिनिटं

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हापूरच्या स्टँडवर मलकापूरच्या गाडीची वाट बघत होतो. निघालो होतो त्याच्याचकडे, आदल्या दिवशी अर्धवट टाकलेलं त्याचं ब्रॉडबँड पुरं करायला... त्याच्या पुतण्यानं रेंजसाठी देवळाच्या टेकडीवर चढून फोन लावला होता. गाडी लागली तसा मी चढलो.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही दोघांनी उभा जन्म काढला. तिथल्या मशीनवर चालणारी युनिक्स प्रणाली त्याला तोंडपाठ, मला जेमतेम. कुणी काही बिघडवलं की विलास हात पाठीमागं बांधून उभा राहायचा, की-बोर्डला बोट लावायचा नाही. "मोडलंयस तू, जोडायचं पण तूच," हा त्याचा कायदा. पोरं वैतागायची, पण शिकून जायची. निवृत्तीनंतर तो मलकापूरजवळच्या आपल्या गावी गेला. घरात मोबाईलला रेंज नाही आणि हृदय अधू झाल्यामुळं टेकडी चढायला बंदी. जर्मनीत त्याच्या लेकीला, वर्षाला, मुलगा झाला. नातू बघायचा म्हणून गावात वायर आल्या आल्या त्यानं कनेक्शन घेतलं, कॅमेरा आणला. बारीक अक्षर दिसेना म्हणून जोडायला मला बोलावलं.

आणि मी शहाणपणा केला. मशीनमध्ये जागा कमी आहे म्हणून साफसफाई करायला गेलो आणि सिस्टिमच्याच फायली पुसल्या. पुसायच्या आधी 'नक्की का?' म्हणून युनिक्स पुन्हा विचारत बसत नाही... मशीन उठेचना. मला वाटलं, आता शिव्या खाणार. विलासनं मूळ सीडी काढून दिली, माझ्या मागं खुर्ची घेऊन बसला आणि एकेक कमांड सांगत राहिला. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. तेव्हा त्यांना म्हणाला, "मशीनच जुनं झालंय, ह्याचा काय दोष न्हाय."

संध्याकाळी फायली परत बसल्या. आता फक्त ब्रॉडबँडचं नाव आणि पासवर्ड भरायचा राहिला होता.

"पाच मिनिटं थांब की," विलास म्हणाला. "पोरगी तिकडं वाट बघत असंल."

मी चपला घालत होतो. शेवटची गाडी चुकेल, सकाळी येतो म्हणालो. खरं तर मुक्काम करता आला असता, वहिनींनी माझ्याही भाकरी थापल्या होत्या. दिवसभराच्या खजिलपणातून मला सुटायचं होतं, एवढंच. लिहिताना लाज वाटते.

मी पोचलो तेव्हा त्याला सोप्यात ठेवलं होतं, त्याच टेबलाजवळ. वर्षाला वेळेत येणं शक्य नव्हतं. "भावजी, तेवढं जोडा," वहिनी म्हणाल्या. "बापाला बघू दे तिला." मी बसलो, नाव भरलं, पासवर्ड भरला. पडद्यावर वर्षा आली, मांडीवर बाळ. मी कॅमेरा विलासकडं वळवला...

"काका, तुम्ही होता म्हणून बाबा दिसले," ती म्हणाली. मला मान वर करता आली नाही.

आता वहिनी रोज नातवाशी बोलतात. लाइन अडली की मला बोलावतात. विलासची खुर्ची अजून माझ्या मागंच असते. परवा त्या ती बाजूला ठेवायला निघाल्या, तर मी राहू द्या म्हणालो. तिच्याकडं पाठ करून बसलो की एकच गोष्ट आठवते. त्या सकाळी सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नव्हती.