वाचून पास करणारी

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. चाळिशीची असावी. मांडीवर लॅपटॉप होता, आणि पडद्यावरच्या ओळी वाचताना ती सारखा चष्मा कपाळावर सारून डोळे चोळत होती. मी निवृत्त शिक्षक आहे म्हटल्यावर ती बोलू लागली. पंधरा वर्षं ती सॉफ्टवेअर लिहीत होती. आता ते एआय लिहितं आणि ती तपासून पास करते.

"मग काम हलकं झालं की," मी म्हणालो.

"लई वाढलं, गुरुजी. ते दमत न्हाय. वाचून वाचून मी दमते."

संकेश्वरजवळ तिचा फोन वाजला. पलीकडच्या साहेबाचा आवाज मलाही ऐकू येत होता. एका दवाखान्याच्या अ‍ॅपनं रुग्णांना चुकीच्या वेळा कळवल्या होत्या, आणि म्हातारी माणसं बंद दारासमोर ताटकळून परत गेली होती. "एआयची चूक म्हणून लिहून टाकू का?" त्यानं विचारलं.



"नको सर. मी नीट न वाचताच पास केलं. माझं नाव लिहा."

तिनं फोन ठेवला. "नोकरी ऱ्हाईल असं वाटत न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. शेवटच्या वर्षी दमून मीही पेपरांचा एक अख्खा गठ्ठा न वाचताच गुण देऊन टाकले होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बेळगाव येईपर्यंत तिलाही सांगू शकलो नाही.