दिव्यावर चिकटवलेले दत्तगुरू

हा अनुभव लिहून काढ म्हणून आई बरेच दिवस मागे लागली आहे. अनुभव कृपेचा आहे खरा, पण त्यात माझी अक्कल इतकी उघडी पडते की पेन उचलायचीच लाज वाटत होती.

मी चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. आमच्याकडं लाल दिवा लागला की लाइन थांबवायची, बिघाड शोधायचा, मगच पुढं जायचं. दिव्याकडं काणाडोळा करणाऱ्याला झापणं हे माझं आवडतं काम. आणि माझी स्वतःची गाडी? दोन मालकांनी वापरून झालेली जुनी गाडी मी हौसेनं घेतली, आणि थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. घरात कुणी विचारू नये म्हणून मी दत्तगुरूंचं छोटं स्टिकर आणलं आणि बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवलं. गाडीत बसणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय भक्ती आहे!

पुढं गाडी तापली की बंद पडू लागली. मी शांतपणे डोळे मिटून माळ ओढायचो, माळ संपली की किल्ली फिरवायचो, आणि गाडी चालू! हे मी सोसायटीभर सांगत सुटलो. "गॅरेज तुमच्यासाठी, आमचा मेकॅनिक गाणगापुरात बसलाय," असंही एकाला ऐकवलं. आता आठवलं तरी कान गरम होतात.

एका दुपारी आईला अचानक धाप लागली. बायको म्हणाली, "अहो, ॲम्ब्युलन्स बोलवा." मी म्हणालो, "दारात गाडी असताना?" मोशीहून निघालो, आणि स्पाइन रोडवर भर रहदारीत गाडीनं मान टाकली. मागं हॉर्नचा कल्लोळ. मी सवयीनं माळ काढली. मागच्या सीटवर बायकोच्या खांद्यावर रेललेली आई तुटक श्वासात म्हणाली, "मेल्या, माळ काय ओढतोस... मला उतरव आधी." तरी मी ऐकलं नाही. माळ पुरी केली, किल्ली फिरवली. नुसती घरघर. आईचे ओठ निळसर दिसू लागले होते. तेव्हा माळ हातातून गळून पडली. "महाराज, माझ्यानं होत नाही, आता तुम्हीच बघा," एवढंच तोंडून निघालं. त्यात ना नेम होता, ना ऐट.

शेजारी एक कंपनीची बस थांबली. पहिली शिफ्ट सुटून घरी निघालेली माणसं खिडक्यांतून बघत होती. ड्रायव्हर गावाकडचे, पिकल्या मिशांचे. "काय झालं वो?"

"आईला श्वास घेता येत नाही."

"मंग बसलाय काय? आना त्यान्ला आत!"

बसमधून उतरलेल्या दोघांनी आईला अलगद उचललं, बाकीच्यांनी गाडी कडेला ढकलली. त्यातल्या एकानं आत डोकावून विचारलं, "भाऊ, दत्ताला असं दिव्यावर का बसवलंय?" मी मान खाली घालून बसकडं पळालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसमध्ये एका मुलीनं आईला खिडकीची जागा दिली आणि आपल्या टोपीनं वारा घालत राहिली. सगळ्यांचे थांबे मागं टाकून बस थेट हॉस्पिटलच्या दारात गेली. दमलेल्या त्या माणसांतलं कुणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. उतरताना माझं लक्ष गेलं, ड्रायव्हरसमोरही दत्तगुरूच होते. पण काचेच्या वरच्या बाजूला, हार घातलेले. खालचे सगळे काटे आणि दिवे मोकळे.

आईला ऑक्सिजन लागला. डॉक्टर "वेळेत आणलंत" म्हणाले, तसा मी आभार मानायला बाहेर धावलो. बस गेलेली होती. नाव विचारायचंही सुचलं नव्हतं.

नंतर गॅरेजमध्ये कळलं, इंजिनाचा एक सेन्सर तापला की काम सोडायचा आणि जरा गार झाला की परत धरायचा. माझी माळ म्हणजे त्याची गार होण्याची सवड! त्या दिवशी तो कायमचाच गेला होता. महाराज दिवा लावून मला रोज सावध करत होते, आणि मी त्यांचंच झाकण करून तो दिवा झाकत होतो. वर त्याला श्रद्धा म्हणत होतो.

स्टिकर आता देवघरात आहे. डॅशबोर्डवर डिंकाचा डाग राहिलाय, तो मी मुद्दाम पुसत नाही. किल्ली फिरवली की क्षणभर सगळे दिवे एकदम उजळतात. तेवढ्यात मी हात जोडतो. मागून आई विचारते, "विझले का रे सगळे?" नीट बघतो, हो म्हणतो, आणि मगच गिअर टाकतो.