बटाट्याला तिकडे काय म्हणतात

मोडनिंबहून भाजी आणणारी बाई आमच्या कोपऱ्यावर भिंतीला पाठ टेकून बसते आणि डोळे मिटूनच एकेक बटाटा अंगठ्याने दाबून निवडते. तुम्ही नातवंडं युरोपात राहता हे कळल्यापासून दर एकादशीला ती विचारते, "आज्जी, नातवंडं ह्याला काय म्हणत्यात?"

मी सांगते. फ्रेंचांचं ते जमिनीतलं सफरचंद. जर्मन नाव मुळात इटलीतल्या एका बुरशीचं. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांनी आणला, पण शेजारच्या स्पेनमध्ये तोच शब्द रताळ्याला. त्यावर ती दमल्यासारखं हसली होती. "मग आमी उपासाला दोनी एकाच पाटीत ठिवतो, ते बरुबरच हाय की."

काल पोलंडचा शब्द सांगितला, तेव्हा तिने डोळे उघडले.

"ह्यो पोरांनी सांगितला, का पुस्तकानं?"

मी पिशवी पुढे केली. दोन महिने तुमचा फोन नाही, हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

तिने पिशवीत एक रताळं जास्त टाकलं. "म्होरल्या एकादशीला पोरांच्या तोंडचा सांगा. पुस्तकातला नगं."

एकादशीला चौदा दिवस आहेत. शब्दकोश मी कपाटात ठेवून दिला आहे.