चौंडक्याची बारीक तात

भाद्रपद वद्य अष्टमी. सकाळी शेळ्या माळावर सोडल्या आणि गोठ्यामागे बोकडाची आतडी धुवायला बसले. चौंडक्याला नवी तात, म्हणजे आतड्याची तार, वळायची होती आणि घट बसायला आठवडाच राहिला होता.

चौंडकं हे आमच्याकडे देवीची गाणी गाणाऱ्या आराध्यांचं वाद्य. लाकडाचं पोकळ भांडं, बुडाला कातडं मढवलेलं. कातड्याच्या मधोमध ओवलेली तात वर येते, तिच्या टोकाला लाकडी मूठ. भांडं डाव्या काखेत दाबायचं, डाव्या हाताने मूठ ओढायची आणि उजव्याने तात छेडायची. डावा हात ओढील तसा आवाज चढतो.

सासूबाई लग्नाच्या आधीपासून आराधीण. उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालू लागल्या, बोलू लागल्या, पण डाव्या हाताची पकड काही पुरती आली नाही. आमच्यात रीत अशी की घट बसतात त्या पहिल्या माळेला जिला चौंडकं वाजवता आलं नाही, तिने ते दुसरीच्या हवाली करायचं. एकदा दिलं की परत मागायचं नाही. सासूबाईंना सगळा घोर त्याचाच होता. औषध विसरायच्या, पण रोज मूठ ओढून बघायच्या. जुनी तात जाड, सासऱ्यांनी वळलेली. ती त्यांना बोटभरही ओढवत नव्हती.

मी म्हटलं, हात बदलता येत नाही, तात बदलू.

तात वळायला मला सासऱ्यांनीच शिकवलं. ते गेल्यापासून आसपासचे आराधी माझ्याकडेच येतात. आणि कुरकुरतात, की नायलॉनची दोरी बाजारात इतकी स्वस्त, तुझी तात एवढी महाग कशी? पूर्वी खाटीक आतडी फुकट द्यायचा. आता वजडीबरोबर आतड्यांनाही गिऱ्हाईक आहे, त्यामुळे मोजूनच पैसे घेतो. एका जाड तातीला तीन-चार बोकडांची आतडी लागतात. वर माझी मेहनत. नायलॉन वाजतं, पण ओढलं की सैल पडतं, आणि कातड्याला घुमवत नाही.

या खेपेलाही चौसाळ्याच्या खाटकाने आतडी देताना विचारलंच होतं, "भाभी, लोक मटण नेत्यात, तुमी नुसती आतडी. पाव्हण्याला वाढता काय?"

"पाव्हण्याला तुला बोलावते. ये जेवायला."

"नगं बाबा. तुमच्या घरी जेवलो तर देवीसमोर नाचावं लागंल."

आतडी ताजी असतानाच रिकामी करावी लागतात. मग उलटी करून राखेच्या पाण्यात भिजवायची आणि बांबूच्या बोथट कांबीने आतली बुळबुळीत साय आणि चरबी खरवडून काढायची. जोर जास्त झाला की भोक पडतं, कमी झाला की चरबी राहते आणि तात पुढे कुजते. वास अंगाला दोन दिवस सुटत नाही. धुतलेल्या पट्ट्या ओल्या असतानाच एकत्र पिळायच्या, एक टोक बाभळीच्या खुंटीला, दुसऱ्याला दगड टांगायचा आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात घाई केली तर वरून कडक होते, आतून ओली राहते आणि ऐन गाण्यात तुटते. वाळली की गोणपाटाने घासायची आणि तेलाचा हात फिरवायचा.

या वेळी मी दोनच पट्ट्या घेतल्या आणि पीळ जास्त दिला. तात सुतळीपेक्षाही बारीक झाली. गुळगुळीत, सरळ, एक गाठ नाही. माझ्या हातची इतकी चांगली तात क्वचितच उतरली असेल.

अमावास्येला चौंडक्याला ओवली आणि सासूबाईंच्या काखेत दिली. त्यांनी मूठ ओढली. ओढली गेली. माझं काम झालं असं मला वाटलं. त्यांनी छेडलं, पुन्हा छेडलं. मान हलवली.

"हे चौंडकं न्हाई. तुणतुणं झालंय."

"आत्या, हात तर चालतोय."

"हात चालतोय, पण कातडं कुठं बोलतंय? बारक्या तातीनं कातडं हलत न्हाई. तुझ्या सासऱ्यानं सांगितलं न्हवतं?"

सांगितलं होतं. मी हाताचा विचार केला होता, कातड्याचा नाही.

"लोकांना कळणार नाही," मी म्हणाले.

"लोकांसाठी वाजवतेय व्हय मी? काढ ती. जुनी बसव."

मी जुनी बसवली. त्यांनी मूठ धरली, ओढली आणि मूठ सुटली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा त्यांनी चौंडकं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. मी तातीला तेल लावत बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी घट बसले. शेजारच्या गल्लीतली एक विधवा बाई कित्येक वर्षं सासूबाईंच्या मागे झील धरायची, गाण्याची ओळ उचलायची. अंगाने दणकट, ऊसतोडीला जाणारी. सासूबाईंनी तिला पुढे बोलावलं, चौंडक्याला हळदकुंकू वाहिलं आणि उजव्या हाताने तिच्या काखेत दिलं.

ती मागे सरली. "मावशी, आसं नगा करू. तुमी हाय की अजून."

"मी हाय म्हणूनच देतेय. मेल्यावर कोण देईल? वाजव."

तिने मूठ ओढली आणि कातडं असं घुमलं की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. गाणं सासूबाईंचंच होतं. आयुष्यभर त्यांनी ते पुढे बसून गायलं. त्या दिवशी त्या मागच्या रांगेत बसून झील धरत होत्या. एकदाच त्यांनी तिला थांबवलं. "एवढी ओढू नगंस. तात हाय, कासरा न्हाई." बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

बायका गेल्यावर त्यांनी फराळ केला नाही, नुसतं पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. डावा हात मी तेलाने चोळून दिला. त्यांनी चोळू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौसाळ्याला गेले. नवरात्रात खाटकाचं दुकान बंद, म्हणून त्याच्या घरीच गेले आणि दसऱ्यानंतरची आतडी राखून ठेवायला सांगितलं. त्या बाईच्या ओढीपुढे जुनी तात फार दिवस टिकणार नव्हती.