‘काही नाही’ हा माझा धंदा नाही

“धंदा करतेस?”

काचेमागच्या साहेबाने माझा अर्ज दोन बोटांत धरून वर उचलला आणि प्रश्न विचारला. मला नाही, अख्ख्या हॉलला. मग खुर्चीत मागे रेलून, ‘धं’वर जोर देत पुन्हा म्हणाला, “घरीच करतेस, की बाहेर जातेस?”

हॉल हसला. चार हजार माणसं हसली. खरं म्हणजे तीसेक असतील, पण ज्याच्यावर हसतात त्याला मोजणी जरा चढीच लागते. दाराशी उभा असलेला शिपाई सगळ्यात जोरात हसला. साहेबाला दिसावं म्हणून. एका बाईने पदर तोंडाला लावला. तीही माझ्यासारखीच नोकरी गेलेली, तीही बेकारभत्त्यालाच आलेली. तिचं हसणं मला अजून लागतं.

मला आधी कळलंच नाही काय झालं. आमच्या कोळीवाड्यात धंदा म्हणजे मासळीचा. “आये कुठं गेली गो?” “धंद्याला.” जन्मल्यापासून हेच ऐकलं. शाळेत निबंधात लिहिलं होतं, माझी आई धंदा करते. बाईंनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. का मारली, ते मला पंचवीस वर्षांनी त्या खिडकीशी समजलं.

कान तापले. इतके, की वर जवळा टाकला असता तर कुरकुरीत भाजून निघाला असता.

आता मी कोण ते सांगते. ऑफिसाचं नाव मात्र सांगत नाही. एकाचं घेतलं तर बाकीची रुसतील.

मुरुडच्या किनाऱ्यावर माझ्याइतक्या पुड्या सोडणारी बाई दुसरी नाही. मी सांगते की आमच्या आज्याने पकडलेला घोळ मासा एवढा मोठा होता, की डोकं आगरदांड्याच्या जेट्टीवर उतरवलं तेव्हा शेपूट दिघीला भिजत होतं आणि मधून फेरीबोट वळवून न्यावी लागली. लोक ऐकतात, शिव्या देतात, पुन्हा ऐकायला येतात. खोटं बोलणं हा माझा छंद. पण तोंडाने. कागदावर नाही.

डोंगरापलीकडच्या एका औषधाच्या कंपनीत मी नऊ वर्षं पॅकिंगला होते. पहाटेची एसटी, डोक्याला जाळी, गोळ्यांची पाकिटं. एके दिवशी गेटवर कागद चिकटवलेला. कंपनी दुसऱ्या राज्यात निघाली. मशीनं ट्रकात चढली, आम्ही उरलो.

पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जायचे. नोकरी सुटली, तर त्या विम्यातून तीन महिन्यांपर्यंत बेकारभत्ता मिळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाजारात फॉर्म भरून देणाऱ्या चाचांनी सांगितलं. टेबल, छापायचं मशीन आणि एक मांजर, एवढं त्यांचं दुकान.

पहिले दोन महिने मी खरोखर बेकार होते. भिंतीवरची पाल मला नावाने हाक मारायला लागली होती. तिसऱ्या महिन्यात उठले. आयेची सुकट, सोडे घेतले, वाळू चाळून काढली, डोकी खुडली, निवडून पाकिटं केली. समुद्रासमोरच्या एका लॉजवाल्याने चव घेतली आणि म्हणाला, “ताई, दर आठवड्याला घेतो. पण पक्कं बिल दे. नोंदणी कर.”

चाचांनी माझी स्वयंरोजगाराची नोंदणी केली. आधार, पॅन, अंगठा. ‘व्यवसाय’ या शब्दापुढे त्यांनी टाइप केलं: सुकी मासळी, निवडणे व विकणे. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “बेटी, आता नीट ऐक. ज्या दिवशी धंदा सुरू, त्या दिवसापासून भत्ता हराम. मधे तारखेची भिंत घाल. कराच्या कागदात दोन्ही दाखव, भत्ताबी आणि धंदाबी.”

“कर किती लागेल, चाचा?”

“तुझ्या कमाईवर? सरकारच तुला चाय पाजील.”

म्हणून मी अर्जावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: दोन महिने काम नव्हतं. तिसऱ्या महिन्यापासून सुक्या मासळीचा स्वतःचा धंदा. भत्ता पहिल्या दोन महिन्यांचाच मागते.

दोन महिन्यांचे ते पैसे मला हवे होते. पाकिटं बंद करायचं मशीन त्यावर अडलं होतं. मेणबत्तीवर चिकटवलेली पाकिटं लॉजवाला किती दिवस घेणार?

हाच तो अर्ज साहेबाच्या दोन बोटांत लोंबत होता.

“एक तर बेकार, नाहीतर धंदेवाली,” तो म्हणाला. “दोन्ही कशी असशील?”

“तारीख घातलीय, साहेब.”

“कॉम्प्युटरला तारीख कळत नाही.” मग आवाज खाली आणला. उपकार करताना ही माणसं आवाज खाली आणतात. “हे बघ, हे खोडून टाक. लिही, ‘काही नाही, घरीच असते.’ तीनही महिन्यांचे मिळतील. तुमच्यातल्या सगळ्या हेच लिहितात. मासे सुकवणं हा काय व्यवसाय आहे? ऊन सुकवतं, तू काय करतेस?”

आणि काचेखालच्या फटीतून अर्ज आणि पेन सरकवलं.

खोटं सांगणार नाही, ही एक गोष्ट तरी: मी पेन उचललं. तीन महिन्यांचे पैसे. मशीन येऊन वर उरले असते. चार शब्द लिहायचे. मी तर दिवसाला चारशे खोटे शब्द फुकट वाटते.

‘काही’ असं लिहिलंही. ‘ही’वर टिंब द्यावं की न द्यावं म्हणून थांबले, आणि तिथे मला आयेचा हात दिसला.

मी नऊ वर्षांची असेन. घरोघर माणसं मोजणारे एक मास्तर वही घेऊन आमच्या दारी आले होते. आये पहाटे तीनला उठून बंदरावरून बोंबील घेऊन आली होती आणि दोरीशी उभी होती. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. हे काम करून तिच्या बोटांची कातडी सालासारखी निघायची. मास्तरांनी विचारलं, “तुम्ही काय करता?”

आयेने मान वर केली नाही. हात थांबवले नाहीत. म्हणाली, “काय न्हाय. घरीच हाय.”

मास्तरांनी ते लिहून घेतलं. आणि जाताना, जी काही करत नव्हती तिच्याकडून, घासाघीस करून, सुक्या बोंबलांची एक जुडी विकत घेतली.

मला तेव्हा त्यात काहीच चुकीचं वाटलं नव्हतं. आयेलाही नाही. आमचं काम आम्हीच पुसायचं आणि पुसायचं फडकंही आम्हीच धुवायचं, अशी ती रीत. तेच फडकं आता पेन म्हणून माझ्या हातात दिलं होतं.

मी ‘काही’ खोडलं. असं खोडलं की खालचे तीन कागद आणि बहुतेक टेबलही फाटलं.

“साहेब,” मी म्हटलं, आणि कोळणीचा आवाज काय असतो ते त्या हॉलला पहिल्यांदा कळलं. म्हसळ्याच्या बाजारात मी हाक मारली की श्रीवर्धनची गिऱ्हाइकं वळून बघतात. “धंदा करते. मासळीचा. माझी आये करते, तिची आये करायची. मगाशी तुम्ही काय विचारलंत ते कळलं मला. उशिरा कळलं, पण कळलं. परत विचारा. आता विचारा.”

तो खुर्चीत सरळ बसला.

“आणि मला अहो म्हणा. तुमच्या-माझ्यात ‘तू’ म्हणायचं नातं नाही.”

“आवाज कमी करा,” तो म्हणाला. करा, म्हणाला. शिपायाने ते ऐकलं आणि त्याचं हसू गिळलेल्या काट्यासारखं घशात राहिलं.

“ऊन मासे सुकवतं, मग तुमच्या गच्चीवर का सुकत नाहीत?”

“आम्ही मासे खात नाही.”

“खाऊ नका. शिक्का मारा.”

आता हॉल हसला ते त्याला. मला त्याचा आनंद झाला नाही. हीच माणसं मगाशी माझ्यावर हसली होती, आणि हसणाऱ्यांना कुणीही चालतं.

तो म्हणाला अर्ज बाद होईल. मी अर्ज आणि पेन परत आत सरकवून म्हटलं, करा. पण का बाद केला ते लिहा. लिहा की अर्जदार बाईने काम सुरू केल्याची तारीख खरी सांगितली, म्हणून तिचा अर्ज बाद. खाली सही, हुद्दा, शिक्का. त्याने पेन उचललं. मला दिलेलं तेच. ते कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. माझ्या घड्याळात सात तास थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं.

लिहिलं नाही. बादही केला नाही. अर्ज आत ढकलला आणि शिपायाला मान हलवली. शिपायाने पोच दिली. आवकचा शिक्का, नंबर, तारीख. मी ती पोच तिथेच उभी राहून मोठ्याने वाचली.

घरी आये जवळा निवडत बसली होती. सगळं सांगितलं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवील.

“तीन महिन्यांचं देत व्हता नं?”

“व्हय.”

“मंग लिवायचं व्हतं! काय न्हाय लिवल्यानं मासं कुजतात काय गो? हाताला काय झालं व्हतं तुज्या?”

मी तिच्या शेजारी जवळा निवडायला बसले. तिच्यावर रागावता येत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पाकिटावर ‘घरगुती’ हा शब्द मी छापत नाही. लॉजवाला म्हणाला, गिऱ्हाइकाला आवडतो. आवडू दे.

वर्ष संपल्यावर कराचं विवरण भरलं. कंपनीचा पगार एका ठिकाणी, धंदा दुसऱ्या ठिकाणी. भत्त्याच्या जागी चाचा थांबले. “आला नाही, तर दाखवणार काय?” कर शून्य आला. चाचा म्हणाले, शून्यासाठी एवढी धावपळ कोण करतं, बेटी? मी म्हटलं, शून्य माझ्या कमाईला आलंय, मला नाही.

भत्ता अजून आलेला नाही. मशीनही नाही. पाकिटं मेणबत्तीवरच चिकटवते. बोटं भाजतात.

परवा त्या ऑफिसातून पत्र आलं: स्पष्टीकरणासाठी समक्ष हजर राहावे. राहणार. सोबत बायकांचा मोर्चा नेणार, असं मी वाड्यात सांगून ठेवलंय, पण ती पुडी आहे. एकटीच जाणार. बाकीच्या त्या वेळी धंद्याला गेलेल्या असतात.

दोन महिने काम नव्हतं, हे खरं. तिसऱ्या महिन्यात होतं, हेही खरं. दोन्ही त्यांना लिहून घ्यायला लावीन, त्यांच्याकडूनच वाचून घेईन, आणि मगच सही करीन. एक शब्द कमी असला तरी नाही. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन. हॉल हसला तर हसू दे.

मी खिडकीपासून हलणार नाही.