धुरी आणि खुशाली

रविवारी सकाळचा चहा झाला की सगळ्या नातेवाइकांना खुशाली कळवायची, ही आमच्या ह्यांची जुनी खोड. हिमाचलात फळबागांच्या सरकारी खात्यात होते तेव्हा पोस्टकार्डं लिहायचे, आता फोनवर कुटुंबाच्या ग्रुपवर लिहितात. नळातलं पाणी गोठलेलं असो, मी गुडघे धरून अंथरुणात पडलेली असो, ह्यांच्या कार्डावर एकच: ‘येथील हवा उत्तम.’ मला तर कधी कधी ते कार्ड फाडून टाकावंसं वाटायचं.

हे निवृत्त झाले आणि मुलाचा बंगळुरूहून फोन आला. “आई, किती दिवस कुडकुडणार? इकडे या. ऊब आहे, तुझे गुडघे बरे होतील. आणि बाळाचं करायला घरचं माणूस हवंच ना.” सुनेला सातवा महिना लागला होता. गुडघे गेले खड्ड्यात, मी भुलले ती ‘घरचं माणूस’ ह्या दोन शब्दांना. तिकडचा संसार मोडला, पलंग-कपाटं वाटून टाकली. कोळशाची शेगडी मात्र बरोबर घेतली. बाळाला धुरी द्यायला लागते, आणि माझ्या मुलाला ह्याच शेगडीवर दिली होती.

बेळ्ळंदूरला मुलाचं घर चौदाव्या मजल्यावर. नात झाली. गोरीपान, जावळ असं की बघत राहावं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिली अंघोळ मीच घातली. दुपट्यात गुंडाळलं, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावल्या, एसी बंद केला आणि फुललेल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं टाकली. आमच्या डोंगरातल्या घरी थंडीचे चार महिने सगळं असंच बंद खोलीत चालायचं. छताला एक पांढरी डबी चिकटवलेली होती. मला वाटलं, बंद पडलेला दिवा असेल.

ती डबी अशी काही बोंबलली की नात दचकून काळीनिळी झाली. मग जिन्यातली घंटा, मग सगळ्या इमारतीची. लिफ्ट आपोआप बंद. ओली बाळंतीण टाक्यांवर हात दाबून चौदा मजले पायऱ्यांनी उतरली. खाली सगळी वस्ती गोळा झालेली, कुणी चड्डीवर, कुणी लॅपटॉप पोटाशी धरून. वॉचमनने सगळ्यांदेखत आमच्या घराचा नंबर पुकारला. सून फुटपाथवर बसून रडत होती. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर म्हणाली, “प्लीज आई, हात नका लावू.”

आठवडा नाही झाला तोच मुलाने सांगितलं, “तुमच्यासाठी येलहंक्याला वेगळा फ्लॅट बघितलाय. मोकळी हवा, बाबांना फिरायला तळं.”

“आणि बाळाचं कोण करणार?”

“तिची आई येतेय पुण्याहून.”

निघताना मी शेगडी पिशवीत घालायला लागले. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. “ही राहू दे इथेच. तिकडे आणखी आग लावून ठेवशील.” असं म्हणाला माझा मुलगा, आणि हसला. हे चपला घालत होते, त्यांनी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण ह्यांची ती पद्धत.

बेळ्ळंदूर आणि येलहंका म्हणे एकच शहर. दोन तालुके म्हणा! मुलगा येतो म्हणायचा आणि रस्त्यातूनच परत फिरायचा. शेजारच्या अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, मराठी बोलतात पण त्यात अर्धं कानडी. “स्वल्प दिवस जाऊ देत हो, सगळं सरी होतं,” म्हणायच्या. सरी म्हणजे ठीक. डोंबलाचं सरी होतंय! मी एकच आस धरून होते, बारशाची. नातीला पाळण्यात मी घालणार. माझ्या लुगड्यांचं मऊ दुपटं शिवलं, ठेवणीतली पैठणी इस्त्री करून आणली.

बारशाच्या दिवशी मी नेसून तयार, ह्यांनी टॅक्सी बघायला फोन हातात घेतला, तेवढ्यात तोच वाजला. “आई, ट्रॅफिक भयानक आहे, बाबांना झेपणार नाही. लिंक पाठवतो, घरूनच बघा. आम्ही छोटंसंच करतोय.”

छोटंसंच म्हणे! फोनवर बघितलं तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणीतरी हौसेने फोन आतल्या खोलीत नेला, “आजी, धुरी बघा!” विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात माझी शेगडी. धूर चांगला मनासारखा निघत होता. वर छतावरच्या त्या पांढऱ्या डबीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, रबरबँड लावून.

“अरे, ते वर काय बांधलंयस?” मी मुलाला विचारलं.

“पिशवी बांधली की वाजत नाही ते. दोन मिनिटांचं काम, आई.”

मग नातीला विहीणबाईंनी पाळण्यात घातलं. नाव काय ठेवलं ते आम्हाला परक्यांसारखं तिथेच, फोनवर कळलं. टाळ्या झाल्या आणि लिंक बंद झाली. मी पैठणीतच बसून राहिले. रडले, हो, चांगली हमसून रडले. हे माझ्याकडे न बघता फोनवर बोटं चालवत होते. तो नेमका रविवार होता.

झाल्यावर मला वाचून दाखवलं. “बारसे थाटात पार पडले. आजीच्या शेगडीवर बाळाला धुरी दिली. आम्ही दोघे मजेत. येथील हवा उत्तम.” मग विचारलं, “पाठवू का गं?”

“पाठवा,” मी म्हटलं.

पहिलं उत्तर माझ्या नणंदेचं आलं. “वहिनी, नशीबवान हो तुम्ही. नातीचं सगळं आपल्या हाताने करायला मिळतंय.”